कंत्राटदार बदलले, वाढपी तेच : रायगड किनाऱ्यावरच्या नोकरीच्या वचनांचा इतिहास

सार्वजनिक कंत्राटं आणि रोजगाराची जबाबदारी, हा आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. कंत्राटाची कागदपत्रं त्याहून रुक्ष असतात. म्हणून आपण कागदांपासून सुरुवात न करता एका कॅन्टीनपासून करू.

हे कॅन्टीन नागोठण्याचं. नागोठणं म्हटलं की आज आपल्याला मुंबई-गोवा महामार्ग आणि त्यावरचे खड्डे आठवतात, पण अंबा नदीच्या खाडीवरचं ते जुनं बंदर आहे. सोळाव्या शतकातला दगडी पूल तिथं अजून उभा आहे. ऐंशीच्या दशकात या परिसरात भारत सरकारच्या मालकीच्या इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनचा, म्हणजे आयपीसीएलचा, कारखाना उभा राहिला. मुंबई हायचा वायू समुद्राखालच्या नळातून उरणला यायचा आणि त्यापासून पुढं प्लॅस्टिकचा कच्चा माल करायचा, असा तो प्रकल्प. भातशेतीची जमीन गेली, कारखाना आला, आणि कारखान्याबरोबर कॅन्टीन आलं.

कॅन्टीन ही मेहेरबानी नव्हे हं. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टचं ४६ वं कलम सांगत होतं की अडीचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह चालवण्याची सक्ती सरकार करू शकतं. म्हणजे भट्टी लागते तसं कॅन्टीन लागतंच. पण ते चालवायचं कुणी? आयपीसीएलनं ते कंत्राटावर दिलं. कंत्राटाची मुदत संपली की नवा कंत्राटदार यायचा. पाटी बदलायची, बिलावरचं नाव बदलायचं. भात शिजवणारे, ताटं वाढणारे, भांडी घासणारे मात्र तेच राहायचे.

श्रमिक सेना या संघटनेनं हे प्रकरण न्यायालयात नेलं आणि ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. ऑगस्ट १९९९ मध्ये निकाल लागला. निकालाचे दोन भाग आहेत आणि दोन्ही एकमेकांकडं पाठ करून उभे आहेत असं पहिल्या वाचनात वाटतं. पहिला भाग म्हणतो की कायद्याच्या सक्तीनं चालवलेल्या कॅन्टीनमधला माणूस फॅक्टरी ॲक्टपुरता कारखान्याचा कामगार ठरतो, पण तेवढ्यावरून तो बाकी सगळ्या हक्कांसाठी कंपनीचा नोकर होत नाही. इथं कामगारांची बाजू पडली असं वाटतं. मग दुसरा भाग येतो. न्यायालय म्हणतं, कायद्याचं तत्त्व झालं, आता या कॅन्टीनमध्ये प्रत्यक्षात काय चाललंय ते पाहू. आणि ते काय पाहतं? कॅन्टीन कारखान्याच्या जन्मापासून आहे. कंत्राटदार बदलले तरी कामगार तेच राहिले. जागा, टेबलं-खुर्च्या, भांडी, इंधन, वीज हे सगळं कंपनीचं. कामगारांच्या पगाराची भरपाई कंपनी करते. देखरेख कंपनीचा अधिकारी करतो. मग कंत्राटदार उरला कशापुरता? तर कंपनीचा एजंट किंवा मॅनेजर म्हणून. त्यामुळं या कामगारांना कंपनीचेच कामगार मानावं, असा निर्णय काही अटींवर झाला. मागच्या वर्षांच्या फरकाची रक्कम मात्र मिळाली नाही.

आम्हाला हा निकाल महत्त्वाचा वाटतो तो त्यातल्या तत्त्वापेक्षा त्यातल्या पाहण्याच्या पद्धतीमुळं. न्यायालयानं करारनाम्याचं शीर्षक वाचून थांबायचं नाकारलं आणि करारातली कलमं, त्यातली देखरेखीची, खर्चाची कलमं, एकेक करून वाचली. आज आपण त्याच पद्धतीनं या किनाऱ्याकडं बघणार आहोत. धरमतर खाडी, थळ, उरण, न्हावा, शेवा. इथं गेल्या पन्नास वर्षांत सरकारनं जमीन घेतली, प्रकल्प आणले, आणि प्रत्येक वेळी 'तुमच्या पोरांना काम मिळेल' असं कुणीतरी सांगितलं. ते वचन कुठल्या कागदावर होतं, आणि कागद एका हातातून दुसऱ्या हातात गेला तेव्हा वचनाचं काय झालं, एवढाच आपला प्रश्न आहे.

आधी जुन्या गोष्टीतली एक छोटी गोष्ट. या भागात करार हा शब्द येण्याआधी लोकांना एक शब्द चांगला ठाऊक होता: कबुलायत. कुळानं खोताला ती लिहून द्यायची. त्यात कुळाची देणी असायची, खोताची क्वचितच. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं जमीन पेरली नाही. उपाशी राहिले, लाकूडफाटा विकला, पण पेरली नाही. अशा संपाचं दुसरं उदाहरण शोधायला फार लांब जावं लागेल. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की एका बाजूनं लिहून घेतलेल्या कागदाचा अर्थ काय होतो, हे शिकायला या लोकांना विद्यापीठाची गरज नव्हती.

आता थेट १९७० वर येऊ. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. त्याच वर्षी दिल्लीत आणखी एक गोष्ट झाली, जिचा कुणी इथल्या शेतकऱ्याशी संबंध लावला नसेल. संसदेनं कंत्राटी कामगार कायदा केला. आपल्या कथेतले दोन्ही धागे एकाच वर्षी सुरू होतात, हा योगायोगच.

हा १९७० चा कायदा थोडा थांबून समजून घ्यायला हवा, कारण त्याचं नाव सगळे घेतात आणि त्यातलं २१ वं कलम फार थोडे वाचतात. ते कलम म्हणत होतं की मजुरी देण्याची जबाबदारी कंत्राटदाराची. ती देताना मूळ मालकाचा, म्हणजे ज्याचं काम आहे त्या कंपनीचा, खात्याचा किंवा नगरपालिकेचा प्रतिनिधी हजर असावा लागे आणि त्याला तशी सही करावी लागे. कंत्राटदारानं मजुरी दिली नाही किंवा कमी दिली, तर ती मूळ मालकानं द्यायची आणि मग कंत्राटदाराच्या बिलातून किंवा त्याच्याकडून येणं म्हणून वसूल करायची. किती सरळ आहे बघा. कामगाराला कंत्राटदाराच्या मागं धावायची गरजच नाही.

मग पगार थकतात कसे? याचं उत्तर कायद्यात मिळत नाही, निविदेत मिळतं. समजा एका सरकारी संस्थेला साफसफाईसाठी पन्नास माणसं हवीत. पन्नास माणसांचं किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, विमा, बोनस, साप्ताहिक सुट्टीचा पगार असा हिशेब केला की एक रक्कम येते, जिच्या खाली जाणं कायदा मोडल्याशिवाय शक्यच नाही. तरीही निविदा उघडल्या की कुणीतरी वीस टक्के 'बिलो' असतो. आणि सगळ्यात कमी दर म्हणून काम त्यालाच मिळतं. तो वीस टक्के आणणार कुठून? झाडूच्या किमतीतून? तो पन्नासऐवजी चाळीस माणसं आणतो आणि हजेरीपटावर पन्नास दाखवतो, किंवा निधी भरत नाही, किंवा खात्यात जमा झालेल्या पगारातून काही रक्कम परत घेतो. ज्या टेबलावर ही निविदा मंजूर झाली, त्या टेबलाला हे कळत नाही असं मानायला आम्ही तयार नाही. त्रैराशिक येणाऱ्या कुणालाही कळतं. म्हणून आमचं म्हणणं असं की पुष्कळ वेळा कंत्राटदार जबाबदारी चुकवतो हे अर्धंच वाक्य आहे. जबाबदारी चुकवण्याची किंमत निविदेतच धरलेली असते.

हा रोग आपल्या एकट्याचा नाही आणि नवाही नाही. ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहानं १८९१ मध्येच रास्त वेतनाचा ठराव केला होता, कारण सरकारी कामाचा ठेका घेणारे मजुरी पाडून दर कमी करत होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९४९ मध्ये याच विषयावर ९४ क्रमांकाचा करार केला: सार्वजनिक पैशातून होणाऱ्या कामात मजुरी आणि कामाच्या अटी त्या भागातल्या प्रचलित दर्जापेक्षा खाली जाता कामा नयेत, आणि ही अट कंत्राटातच लिहिलेली असली पाहिजे. भारतानं तो मान्य केलेला नाही. ब्रिटननं केला होता, पण थॅचरबाईंच्या काळात १९८२ मध्ये त्यातून अंग काढून घेतलं. आपल्याकडं सार्वजनिक बांधकामाच्या कंत्राटांत रास्त मजुरीचं कलम पूर्वीपासून आहे. कलम असतं, ते बघायचं कुणी हा प्रश्न असतो.

आता थळ. अलिबागच्या उत्तरेला थळ-वायशेत परिसरात खत कारखान्यासाठी जमीन घेतली गेली. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, आपली आरसीएफ, १९७८ मध्ये स्थापन झाली आणि थळचा कारखाना १९८५ च्या सुमारास सुरू झाला. भातशेती, नारळी-पोफळीच्या वाड्या, शेजारी मासेमारी असा हा पट्टा. जमीन देणाऱ्या घरातल्या एकाला नोकरी, ही त्या काळातली सर्वमान्य भाषा होती. महाराष्ट्रानं १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला होता, देशात असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. पुढं शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के जागा प्रकल्पग्रस्तांसाठी ठेवण्याचं धोरण आलं. जिल्हाधिकारी कचेरीतून मिळणारा प्रकल्पग्रस्ताचा दाखला घरात सातबाऱ्याच्या शेजारी ठेवला जाऊ लागला.

आणि मग फेब्रुवारी १९८६ मध्ये दिल्लीहून एक परिपत्रक निघालं. केंद्र सरकारच्या सार्वजनिक उपक्रम विभागानं, त्या वेळी त्याला ब्यूरो म्हणत, सगळ्या सरकारी कंपन्यांना कळवलं की विस्थापित झालेल्या प्रत्येक कुटुंबातल्या एकाला नोकरी देण्याबाबत जो काही औपचारिक वा अनौपचारिक समज असेल तो आता मागं घेतला असं समजावं. कारण असं दिलं गेलं की उपक्रमांत आधीच गरजेपेक्षा जास्त माणसं आहेत. हे कारण अगदीच खोटं नव्हतं. कमी माणसांत चालणारे आधुनिक कारखाने उभारायचे आणि त्याच वेळी प्रत्येक घराला नोकरी कबूल करायची, यातला ताळमेळ पहिल्या दिवसापासून बसत नव्हता. पण मग ते जमीन घेताना सांगायला हवं होतं. ज्याची जमीन १९८० च्या आसपास गेली त्याच्या हातात आता जमीनही नाही आणि १९८६ नंतर समजही नाही. 'समज' हा शब्दच बघा ना. ज्याला एक बाजू वचन म्हणत होती त्याला दुसरी बाजू समज म्हणत होती, आणि समज मागं घेता येतो.

थळच्या ज्या कुटुंबांना नोकरी मिळाली नाही त्यांचा लढा अलिबागकर '१४१ प्रकल्पग्रस्त' या आकड्यानं ओळखतात. माणसांच्या गटाला एखाद्या आकड्यानं ओळखलं जाऊ लागलं की समजावं, प्रश्न फार वर्षं पडून आहे. जमीन गेली तेव्हा जो वीस वर्षांचा होता तो आज साठी ओलांडून गेला. मागणी आता पोरांच्या, नातवंडांच्या नावानं होते. सर्वोच्च न्यायालयानंही १९९५ मध्ये राउरकेलाच्या पोलाद कारखान्याच्या प्रकरणात म्हटलं की कायद्याप्रमाणं मोबदला दिला असेल तर नोकरी हा जीविताच्या हक्काचा भाग म्हणून मागता येत नाही. तेव्हा न्यायालयाचा दरवाजाही अर्धा लागला.

इथून आपण उरणला जाऊ. इथली गोष्ट मोठी आहे आणि तिथं आपण जास्त रेंगाळणार आहोत.

जानेवारी १९८४. जासईचे सुपुत्र, पनवेलचे आमदार राहिलेले, कुलाब्याचे खासदार राहिलेले दि. बा. पाटील शेतकऱ्यांच्या बाजूनं उभे होते. १६ आणि १७ जानेवारीला दास्तान फाटा, नवघर, पागोटे परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी मारले गेले. हुतात्म्यांच्या स्मरणासाठी अजूनही दर जानेवारीत लोक जमतात. या लढ्यातून जी कल्पना पुढं आली ती साडेबारा टक्क्यांची: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायचा. १९९० च्या दशकात राज्य सरकारच्या निर्णयांनी ती प्रत्यक्षात आली, पुढं विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांसाठी हाच आकडा साडेबावीस झाला. बंदरासाठी जमीन गेलेल्यांना मात्र साडेबारा टक्क्यांची पत्रं मिळायला ऑगस्ट २०१४ उजाडला. तीस वर्षं.

इथं एक फरक आम्हाला फार बोलका वाटतो. जमिनीचा टक्का ठरला. साडेबारा म्हणजे साडेबारा. तो मोजता येतो, त्यावर शासन निर्णय निघतो, त्यावरून सिडकोला जाब विचारता येतो. नोकरीचा टक्का कधी ठरलाच नाही. 'स्थानिकांना प्राधान्य' हे शब्द भाषणात राहिले, बैठकीच्या इतिवृत्तात राहिले, निवेदनाच्या पोचपावतीवर राहिले. प्राधान्य म्हणजे किती, कोणत्या कामात, किती वर्षं, आणि दिलं नाही तर काय, यातलं काहीच त्या दोन शब्दांत नाही.

न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. नेहरूंची जन्मशताब्दी होती, म्हणून जवाहरलाल नेहरू बंदर. समोरच्या तीरावर मुंबई बंदर आहे, मध्ये फक्त खाडीचं पाणी. पण कामगारांच्या दृष्टीनं या दोन तीरांमध्ये निम्म्या शतकाचं अंतर होतं, आणि गंमत अशी की मागं जाणारं अंतर होतं. मुंबई बंदरात एके काळी टोळीवाल्यांचं राज्य होतं. जहाज लागलं की टोळीवाला माणसं निवडायचा, मजुरीतला वाटा घ्यायचा, जहाज गेलं की माणूस रिकामा. या अनिश्चिततेवर तोडगा म्हणून १९४८ मध्ये गोदी कामगारांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये मुंबईसाठी योजना आली. त्यातून गोदी कामगार मंडळ उभं राहिलं. कल्पना अशी: जहाजाच्या कंपन्या, माल उतरवणाऱ्या पेढ्या येवोत जावोत, कामगाराची नोंद मंडळाकडं. काम असो नसो, तो हजर राहिला की ठरलेली रक्कम मिळणार. नोकरी कंत्राटदाराला न बांधता बंदरातल्या कामालाच बांधली.

महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा याच विचाराचा. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला. मालक मंडळाकडं मजुरी आणि त्यावरची लेव्ही भरतो, मंडळ कामगाराला मजुरी देतं आणि निधी, ग्रॅच्युइटी, रजा यांचा हिशेब ठेवतं. आज माथाडीच्या नावावर खंडणी चालते अशी तक्रार उद्योजक करतात, आणि तीत तथ्य असलेली ठिकाणं आहेत. पण मूळ युक्ती बघा. पळून जाऊ शकणाऱ्या माणसाच्या हातात जबाबदारी ठेवायचीच नाही, ही ती युक्ती.

न्हावा शेवाला असं गोदी कामगार मंडळ कधीच आलं नाही. बंदर मुळातच कमी माणसांचं, यंत्रांचं, कंटेनरचं म्हणून आखलं होतं. पोतं पाठीवर घेणारा माणूस जगभरच्या बंदरांतून गेला, तो इथंही आला नसताच. त्याचा दोष कुठल्या एका कराराला देता येणार नाही. पण काम नाहीसं झालं असंही नाही. ते भिंतीबाहेर गेलं. बंदराभोवती कंटेनर यार्ड आली, गोदामं आली, ट्रेलरच्या रांगा आल्या. लॅशिंग करणारे, सर्वेअर, चेकर, सुरक्षारक्षक, चालक, सफाईवाले. बंदराच्या आत थोडी माणसं कायम, आणि बाहेर गावागावांत कंत्राटी. गावातलाच एखादा पुढारी लेबर कंत्राटदार झाला. ही फार नाजूक गोष्ट आहे. स्थानिकांना प्राधान्य द्या या मागणीचं उत्तर म्हणून कंपन्यांनी नोकऱ्या दिल्या नाहीत, कंत्राटं दिली. मग पगार थकला तर भांडायचं कुणाशी? चुलतभावाशी?

जुलै १९९७ मध्ये बंदराच्या विश्वस्त मंडळानं ऑस्ट्रेलियातल्या पी अँड ओ पोर्ट्सच्या पुढाकारानं आलेल्या गटाशी तीस वर्षांचा करार केला. देशातल्या प्रमुख बंदरांमधलं हे पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल, एनएसआयसीटी. ते १९९९ मध्ये सुरू झालं. २००६ मध्ये पी अँड ओ ही कंपनीच दुबईच्या डीपी वर्ल्डनं विकत घेतली. धक्का तोच, क्रेन त्याच, करार तोच, मालक दुसऱ्या खंडातला. नागोठण्याचं कॅन्टीन आठवतंय ना? दुसरं टर्मिनल मर्स्क समूह आणि कंटेनर कॉर्पोरेशन यांनी घेतलं, त्यांची बोली होती महसुलातला ३५.५०३ टक्के वाटा बंदराला देण्याची. चौथं २०१४ मध्ये सिंगापूरच्या पीएसएनं ३५.७९ टक्क्यांवर घेतलं. शेवटी २०२२ मध्ये बंदरानं स्वतः चालवलेलं टर्मिनलही जे. एम. बक्षी आणि सीएमए यांच्या गटाकडं तीस वर्षांसाठी गेलं. कामगार प्रतिनिधींनी त्याला विरोध केला होता. आता जेएनपीए फक्त जमीनमालक आहे, 'लँडलॉर्ड पोर्ट'. जमीनमालक! ज्यांची जमीन होती त्यांच्या कानाला हा शब्द कसा लागत असेल?

दशांश चिन्हापुढचे तीन आकडे बघा, ३५.५०३. महसुलाचा वाटा हजाराव्या भागापर्यंत मोजून स्पर्धा लावली गेली, आणि जो जास्त देईल तो जिंकला. ही निविदेची कसोटी. रोजगार ही कसोटी नव्हती. किती स्थानिक माणसं, किती कायम, कंत्राटी कामगाराला कायम कामगाराच्या किती टक्के मजुरी, यावर गुण द्यायचे असं ठरलं असतं तर बोली लावणाऱ्यांनी तेही मोजलं असतं. ते मोजण्यात पटाईत लोक आहेत.

जे लिहिलं होतं, मोजलं होतं, ते मिळाल्याचं एक उदाहरणही याच किनाऱ्यावर आहे. खाडीतल्या भरावामुळं मासेमारी बुडाली म्हणून पारंपरिक कोळी बांधव राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडं गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये निकाल लागला: १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई, आणि ती जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडको यांनी वाटून द्यायची. यातले बहुतेक कोळी सातबाऱ्यावर नव्हते, कारण पाण्याचा सातबारा नसतो. तरी कुटुंबं मोजली गेली, नुकसान मोजलं गेलं, देणेकरी नावानिशी ठरले. मग वरच्या न्यायालयात जाणं, मुदती, हे सगळं झालंच. पण आकडा असल्यामुळं भांडायला पायाखाली जमीन होती.

नागोठण्याकडं परत वळायला हवं, कारण ती गोष्ट १९९९ मध्ये संपत नाही. निकालानंतर दोनच वर्षांनी, ऑगस्ट २००१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं स्टील ॲथॉरिटीच्या प्रकरणात सांगितलं की एखाद्या कामातली कंत्राटी पद्धत बंद केली म्हणून ते कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. त्याआधी १९९६ मध्ये एअर इंडियाच्या प्रकरणात उलट सांगितलं गेलं होतं, ते रद्द झालं. एक खिडकी उघडी राहिली: कंत्राट हा निव्वळ बुरखा असेल तर औद्योगिक न्यायालयात ते सिद्ध करा. सिद्ध कोण करणार? ज्याच्याकडं नेमणूकपत्र नाही, वेतनचिठ्ठी नाही, तो. नागोठण्याच्या वाढप्यांना वेळ साधली. पाच वर्षं उशीर झाला असता तर सगळं वेगळं झालं असतं, असं आम्हाला वाटतं.

आणि २००२ च्या जूनमध्ये आयपीसीएल विकली गेली. सरकारनं २६ टक्के भागभांडवल आणि व्यवस्थापन रिलायन्सला सुमारे १,४९१ कोटींना दिलं, २००७ मध्ये कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. जमीन सरकारी कंपनीसाठी म्हणून सार्वजनिक हिताच्या नावानं घेतलेली. आता सार्वजनिक कंपनी राहिली नाही, जमीन मात्र राहिली. २०२० च्या शेवटी, थंडीच्या दिवसांत, नागोठण्याजवळच्या प्रकल्पग्रस्तांनी कारखान्याच्या दारात ठाण मांडलं. प्रकल्पग्रस्त म्हणून दाखले दिलेत, तर नोकऱ्या द्या, ही त्यांची मागणी. कंपनी विकताना यंत्रं, देणी, येणी, जमिनीचे हक्क सगळ्यांची यादी होते. दाखल्यांची यादी त्यात कोणत्या रकान्यात धरायची, हा प्रश्न विकणाऱ्यानं म्हणजे सरकारनं सोडवायचा होता. विकत घेणारा जे कागदावर आहे तेच घेतो. त्याच्यावर रागवून फारसं हाती लागत नाही.

नवी मुंबईच्या विमानतळाचंही हेच चक्र फार झपाट्यानं फिरलं. सिडकोनं २०१८ मध्ये ज्या समूहाशी करार केला, तो पहिलं विमान उडण्याच्या आतच बाजूला झाला आणि २०२१ मध्ये सूत्रं अदानी समूहाकडं गेली. विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून त्याच वर्षी जूनमध्ये हजारो भूमिपुत्र रस्त्यावर उतरले, मानवी साखळी झाली. ती मागणी योग्यच होती. पण नावाच्या मागणीला जेवढी गर्दी झाली, तेवढी करारातल्या कामगारविषयक कलमांची प्रत मागायला झाली का? दिबा स्वतः वकील होते. त्यांनी आधी प्रत मागितली असती असं आम्हाला वाटतं.

नव्या कामगार संहितांचं थोडक्यात सांगतो. १९७० चा कायदा वीस किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या ठिकाणी लागू व्हायचा. २०२० च्या संहितेत तो उंबरठा पन्नास केला आहे. मूळ मालकाची मजुरी देण्याची जबाबदारी नव्या मजकुरातही आहे. पण उरणच्या यार्डांत तीस-चाळीस माणसांचा कंत्राटदार हा नेहमीचा प्रकार. एकोणपन्नास माणसांचे दोन कंत्राटदार करणं किती अवघड असतं, ते तुम्हीच सांगा.

प्रश्नोत्तरांकडं वळण्याआधी एक तारीख लक्षात ठेवायला सांगतो. एनएसआयसीटीचा तीस वर्षांचा करार ३ जुलै १९९७ चा. म्हणजे त्याची मूळ मुदत जुलै २०२७ मध्ये भरते. त्या धक्क्यावर १९९९ मध्ये पंचविशीत कामाला लागलेला माणूस तेव्हा त्रेपन्न वर्षांचा असेल, निवृत्तीला काही वर्षं उरलेली. तो एकाच धक्क्यावर राहिला आणि त्याच्या डोक्यावरचे मालक बदलले. मुदतवाढ असो की नवी निविदा, नवा कागद लिहिला जाईलच. त्याचा मसुदा तयार होत असताना जासई, नवघर, जसखार, सोनारीच्या ग्रामसभांनी आणि कामगार संघटनांनी बंदर प्राधिकरणाकडं लेखी तीनच गोष्टी विचाराव्यात: आत्ता धक्क्यावर कंपनीची किती माणसं आणि कंत्राटदारांची किती, चालक बदलला तर त्यांची सेवा सलग धरणार का, आणि हे ज्या कलमात लिहिणार त्याचा क्रमांक काय. उत्तर लेखी घ्यावं, त्यावर जावक क्रमांक आणि तारीख असावी.

आता तुमचे प्रश्न घेऊ.